बोलकीचा डावा हात

लहानपणी तिला सगळे बोलकी म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. आई ठार बहिरी, बाप बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा तोंड दाखवणार. तेव्हा घरातलं जे काही बोलायचं ते या पोरीनंच. दूधवाल्याशी हुज्जत हिनं घालायची, घरमालकाची बोलणी हिनं खायची, शाळेत आईला बोलावलं की स्वतःबद्दलच्या तक्रारीही आईला हिनंच सांगायच्या. तुम्ही म्हणाल, मग काय, चंगळच! पण पोरगी इमानी. 'तुमची मुलगी वर्गात फार बडबड करते' हेसुद्धा तिनं आईला हातांनी जसंच्या तसं सांगितलं होतं आणि घरी येऊन पाठीत धपाटा खाल्ला होता.

पुढे हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग झाला. एका मोठ्या हॉस्पिटलात ती दुभाषी होती. बहिरा पेशंट आला की डॉक्टर तोंडानं बोलणार, ती ते हातांनी सांगणार. पेशंट हातांनी बोलणार, ती ते तोंडानं. या कामाचे नियम फार कडक. जे बोललं गेलं ते सगळं पोचवायचं, पदरचं घालायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही. आणि बोलायचं ते 'मी' म्हणून. पेशंटनं सांगितलं पोटात दुखतंय, तर दुभाषी 'यांच्या पोटात दुखतंय' असं म्हणत नाही, 'माझ्या पोटात दुखतंय' म्हणते. दिवसभर कुणाकुणाचे मूतखडे, कुणाची बाळंतपणं बोलकीच्या तोंडून बाहेर पडायची, आणि संध्याकाळी स्वतःची साधी डोकेदुखीसुद्धा ती कुणाला सांगायची नाही. सांगायला घरी होतं कोण म्हणा.

अशा या बाईचा डावा हात आपल्या मनानं बोलायला लागला.

लक्षात आणून दिलं ते एका म्हाताऱ्या घड्याळजींनी. जन्माचे बहिरे, वॉर्डात सगळ्यांचे लाडके. त्यांचे रिपोर्ट वाईट आले, डॉक्टरांनी ते सांगितलं, बोलकीनं पोचवलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि डॉक्टर गेल्यावर हिला विचारलं, की मधेच भिंतीकडे काय बघत होतीस? बोलकी चाट पडली. बहिऱ्या माणसाशी बोलताना नजर काढून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. बहिऱ्या आईच्या पोटची पोर असलं काही करेल? तिनं साफ नाकारलं. आजोबा म्हातारे, पण डोळे घड्याळजीचे. ते म्हणाले, नुसती बघत नव्हतीस, तेव्हा तुझा डावा हात काहीतरी बोलत होता.

तिनं विचारलं, काय बोलत होता?

आजोबांनी मान हलवली. ही आपली शाळेतली खुणांची भाषा नाही, म्हणाले. कुणाच्या तरी घरातली आहे. ऐकू येणारी माणसं आवाज ओळखतात ना, तशी बहिरी माणसं हात ओळखतात. कुणाचा हात घाईचा, कुणाचा आळशी, कुणाचा भांडखोर. आजोबांनी सांगितलं, "उजवा हात तुझा आहे. डावा तुझा नाही. तो कुणा दुसऱ्या बाईचा आहे."

बोलकीच्या घरात खरोखरच शाळेतली भाषा नव्हती. आई शाळेत गेलीच नव्हती. तिनं आपल्या खुणा आपणच केलेल्या. नाकाला बोट लावून वर ढकललं की शेजारीण, गाल फुगवले की घरमालक. ती भाषा जगात दोघींनाच यायची. आणि त्यातली एक, बोलकी चौथीत असताना, अशाच एका हॉस्पिटलात वारली.

मग तिनं स्वतःवर पाळत ठेवली. हात एरवी गुणी असायचा. पण डॉक्टर खुर्ची पुढे ओढून आवाज खाली आणायचे, वाईट बातमीला हात घालायचे, की हिचं डावं मनगट एकदम गार पडायचं, कुणीतरी धरल्यासारखं. मान आपोआप भिंतीकडे वळायची. मान परत वळायची तेव्हा हात मांडीवर निपचित पडलेला असायचा. म्हणजे हात काय बोलतो हे सगळ्या वॉर्डाला दिसायचं, फक्त हिला नाही. घरी आरशासमोर बसून पाहिलं, मोबाइल लावून ठेवला, स्वतःलाच वाईट बातम्या सांगून झाल्या. हात ढिम्म. आणि वॉर्डात कॅमेऱ्याला बंदी.

शेवटी एका पेशंटच्या नवऱ्यानं तक्रार केली. विभागाचे साहेब माणूस म्हणून चांगले, पण त्यांचाही नाइलाज होता. पेशंटना वाटतं की तुम्ही काहीतरी लपवताय, ते म्हणाले. हात ताळ्यावर येईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकू नका. नाही आला तर दुसरं काम बघावं लागेल. दुसऱ्यांचं बोलणं एवढं एकच बोलकीला यायचं. ते गेलं तर उरणार काय, हे तिलाच माहीत नव्हतं.

नसांच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. हात ठणठणीत आहे, डोक्याचं कुणालातरी दाखवा, असं त्यांनी सुचवलं. आता डोक्याचं माणूस शोधणं म्हणजे चप्पल घेण्यासारखं नव्हे, की बोटं मावली आणि झालं. पहिला भेटला तो एका भल्यामोठ्या टेबलामागे बसलेला. सकारात्मक विचार या विषयावर तो तासभर एकटा बोलला. ही सवयीनं ऐकत राहिली. निघताना त्यानं तिला शाबासकी दिली, की आज तुम्ही मोकळ्या झालात. बोलकी जिना उतरताना एकटीच हसत सुटली.

दुसरी मात्र खरोखर चांगली होती. तिच्यासमोर बोलकीनं आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. आईच्या खाटेवर ती बसली होती. डॉक्टर तिला, एवढ्याशा पोरीला, म्हणाले होते की आता काही उपयोग नाही, आईला समजावून सांग. आणि इमानी म्हणून नावाजलेल्या पोरीनं आयुष्यात एकदाच खोटं पोचवलं होतं. तू बरी होणार, घरी जाणार, असं. आई हसली होती, मान डोलावली होती. थोड्याच दिवसांत गेली. बोलकी तेव्हापासून हे काळजावर घेऊन जगत होती, की आई फसवली गेली, आणि आपल्या हातून.

हे सांगताना ती कुठे अडखळली नाही. वाक्यं कशी नीट, विराम जागच्या जागी. दुसरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि बोलकीनं उठून तिला पाणी दिलं. असं पुन्हा झालं, आणखी एकदा झालं. डावा हात प्रत्येक वेळी मांडीवर घोरत पडलेला. अखेर दुसरीनंच प्रामाणिकपणे सांगितलं, की तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं स्वतःचं सांगता. बोलून तुमच्यातून काही निघणार नाही, तुम्ही बोलण्यात फार तरबेज आहात. बोलण्यापेक्षा शरीराकडून उपचार करणारी एक बाई आहे, तिच्याकडे जा.

तिसरीची खोली चष्म्याच्या दुकानावर होती. टेबल नाही, कागद नाही. दोन बुटक्या खुर्च्या, एक चटई, घड्या घातलेल्या चादरी, मागच्या आवाराकडे उघडणारी खिडकी. तिसरी ठेंगणी, जाडसर, अनवाणी. तिनं आईचं विचारलंच नाही. झोप लागते का, पोट साफ होतं का, पाय गार पडतात का, जेवताना मधे श्वास घेता की एकदम गिळता? बोलकीला वाटलं, आता जीभ दाखवा म्हणणार. तिसरी म्हणाली, माझ्याकडे मनाचा विभाग वेगळा आणि अंगाचा वेगळा असं नाही, सगळं एकाच माणसाचं आहे. मग तिनं बोलकीच्या खांद्याला हात लावू का, असं विचारलं. बोलकी नको म्हणाली. तिसरीनं बरं म्हटलं आणि हात मागे घेतला. का, कशाला, काही नाही. एवढ्यावरून बोलकीला कळलं, की आपण बरोबर माणसाकडे आलो. तिचं 'नको' असं कुणी कधी सरळ घेतलंच नव्हतं.

त्याच दिवशी आणखी एक झालं. तिसरी बोलत असताना बोलकीची बोटं मांडीवर बारीक बारीक हलत होती. सवय हो, ऐकू आलेलं सगळं हातांनी सांगायची. तिसरीनं ते पाहिलं आणि कुणी वेळ विचारावी तितक्या साधेपणानं विचारलं, की आपल्या दोघींशिवाय इथे कुणी बसलंय का? बोलकी नाही म्हणाली. पण म्हणताना तिनं खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि आपण तिकडे पाहिलं याची तिला घरी गेल्यावर भीती वाटली.

पुढच्या काही भेटी नुसत्या खुर्चीवर बसण्यात गेल्या. पाठ कुठे टेकते, तळवे जमिनीवर पुरते आहेत का, श्वास कुठपर्यंत जातो. बोलकीचा श्वास गळ्याखाली उतरायला तयार नव्हता. तिचा एक पाय कायम दाराकडे वळलेला असायचा. तिसरी म्हणाली, असू दे, त्याला जायचं असेल. तिसरीचा स्वभावच तसा. काही दुरुस्त करायची तिला घाई नाही.

मग एकदा तिनं विचारलं, की डॉक्टर वाईट बातमीची सुरुवात कशी करतात? बोलकीनं सांगितलं. तिसरीनं खुर्ची पुढे ओढली आणि सपाट आवाजात म्हणाली, "बसा. रिपोर्ट आलेत."

डावं मनगट गार पडलं. इतकं गार, की बोलकीच्या तोंडून हाय निघालं. मान वळली आणि डोळ्यांसमोर भिंत आली. डाव्या बाजूला आपली बोटं हलतायत हे तिला कळत होतं, पण ती हलवत नव्हती, कुणी तरी हलवून घेत होतं. मग सगळं थांबलं. मान सुटली.

तिसरीचा चेहरा उतरला होता. तिनं आपले दोन्ही हात वर करून दाखवले. मी तुम्हाला शिवले नाही, ती म्हणाली, आणि बोलकीच्या मनगटाकडे बोट केलं. मनगटावर चार ठिकाणी कातडी दबलेली होती, पांढरी पडलेली, आणि बघता बघता त्या खळग्यांत रक्त परत भरलं. रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती काही केल्या सुरू होत नव्हती.

मग तिसरी म्हणाली, "तुमचा हात बाहेर कुणाशी बोलत नाही. तळवा तुमच्याकडे वळलेला असतो. जे काही आहे, ते तुम्हाला सांगणं चाललंय."

बोलकी दोन आठवडे तिकडे फिरकली नाही. खरं तर तिची पाचावर धारण बसली होती. इतकी वर्षं तिला वाटायचं, आईला कळलं असतं तर आई काय म्हणाली असती. आता आई म्हणतच होती, म्हणजे म्हणत असावी, आणि ते चांगलं असण्याचं काही कारण तिला दिसत नव्हतं. खोटारडे, असं असेल. किंवा, मला का नाही सांगितलंस. पण घरात बसून काय करणार? साहेबांचा निरोप आला, की महिनाअखेरीला आम्हाला दुसरी दुभाषी बघावी लागेल. ती निमूटपणे चष्म्याच्या दुकानावर गेली.

आता काम मानेचं होतं. तिसरीनं मानेला सरळ राहा म्हणून दटावलं नाही. उलट म्हणाली, वळायचंय तर वळू दे, फक्त मुंगीच्या पावलानं. आणि वळताना श्वास कुठे अडतो ते मला सांगा. श्वास अडायचा तो खांद्याच्या अलीकडे, एका ठरावीक जागी. तिथे थांबायचं. थांबलं की बोलकीला औषधांचा वास यायचा, खाटेची लोखंडी कड मांडीला लागायची, आणि रंगाचे पोपडे निघालेली भिंत दिसायची. एकदा त्या जागी थांबलेली असताना तिला उमगलं, की ती भिंतीकडे वळली ते खोटं बोलल्यानंतर नव्हे. आधी. डॉक्टर अजून बोलतच होते. आईनं तिचा हात धरला, आणि तिनं मान फिरवली.

बहिऱ्या आईचं बोलणं थांबवायला तेवढं पुरतं. ऐकू येणाऱ्यांच्या घरी आई बोलत असताना कानांवर हात ठेवावेत, तसं. त्यांच्या घरात याहून मोठा उर्मटपणा नव्हता, आणि तिनं तो कधीच केला नव्हता. त्या दिवशी केला. मग आईनं काय करावं? पोर बघत नाही म्हटल्यावर तिनं पोरीचंच मनगट पकडलं, तिचीच बोटं आपल्या बोटांत घेतली आणि जे सांगायचं ते तिच्याच हाताकडून बोलवून घेतलं. डोळ्यांनी पाहिलं नाही, पण हातानं ऐकलं, आणि एवढी वर्षं तसंच जपून ठेवलं.

त्या दिवशी ऊन तिरपं आत आलं होतं. तिसरी आपल्या खुर्चीवर, तळवे उघडे. बोलकी म्हणाली, म्हणा. तिसरी म्हणाली, "रिपोर्ट आलेत."

गार पकड बसली. मान वळायला निघाली. श्वास अडायच्या जागी येऊन थांबली, थरथरली. तिसरीनं विचारलं, मानेमागे हात ठेवू? बोलकीनं हो म्हटलं. मागून एक ऊबदार तळवा टेकला, ढकलला मात्र नाही. आणि मान, आजवर एकदाही न केलेली गोष्ट करत, हळूहळू परत फिरली. बोलकीनं खाली पाहिलं.

हात आईचा होता. याबद्दल तिला तिळभर शंका उरली नाही. तोच घाईचा, थोडा दांडगट हात. एक बोट तिच्याच छातीवर टेकलं, मग पंजा उघडून दाराकडे ढकलला गेला. मग दोन बोटांनी तिच्या मांडीवर टणाटण उड्या मारल्या. शेवटी पंजा गळ्याखालच्या हाडावर आला आणि तिथे दोनदा थोपटलं, ही आईची 'मी'ची खूण. पुन्हा पहिल्यापासून. परत. आई असंच करायची, समोरच्यानं मान डोलावेपर्यंत तेच तेच म्हणत राहायची.

बोलकीचं तोंड उघडलं. सवयीनं उघडलं आणि नियमाप्रमाणे 'मी' म्हणून बोललं, पण आवाज तिच्या ओळखीचा नव्हता, जाड, फाटका, कधी न वापरलेला.

"तू बाहेर जा. जा, खेळ. माझं मी बघते."

ती पुन्हा तेच बोलली, आणि या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता आणि रडण्यानं चिंब झालेला. आईला सगळं आधीच कळलं होतं. डॉक्टरचा चेहरा बघूनच कळलं होतं. खोटं बोलायच्याही आधी. तिला फसवायला कुणी उरलंच नव्हतं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की ही बातमी या पोरीच्या हातून येऊ नये. आणि ते डॉक्टरला सांगायला तिच्याकडे त्या पोरीशिवाय दुसरं माणूस नव्हतं.

मनगटावरची पकड सैल झाली, पण गेली नाही. हात हवेत थांबून राहिला, वाट बघत. बोलकी हुंदके देत म्हणाली, की आता मी काय करू? दुभाष्यानं बोलणं चालू असताना उठायचं नसतं.

"मी दुभाषी बोलावलेली नाही," तिसरी म्हणाली.

बोलकीचा दाराकडे वळलेला पाय आधी उठला. मग ती सगळीच उठली. खिडकीजवळच्या रिकाम्या जागेकडे बघून तिनं मान डोलावली. तसं मनगटाभोवतीचं एकेक बोट सुटलं, आणि हात आपल्या वजनानं खाली आला. ती बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

जिन्यात कुणी नव्हतं. खालून चष्म्याची काच घासायचा आवाज येत होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिची रिकामी झालेली, खिडकीच्या बाजूला. मग तिसरीचा आवाज आला, हळू, समोर माणूस असताना असतो तसा: "हं. बोला."

नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. बोलकीचा कान दाराला चिकटला होता. आत एक बाई हातांनी बोलतेय आणि दुसरीला त्यातलं ओ की ठो कळत नाही, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला. चौथीतली पोर होती तेव्हापासून आजपर्यंत अशा वेळी ती कधी बाहेर राहिली नव्हती. तिनं कडी धरली. तेवढ्यात आत तिसरी हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली, "हो हो, कळतंय मला."

बोलकीनं कडी सोडली. ती जिना उतरून मागच्या आवारात गेली आणि उन्हात उभी राहिली. काय खेळायचं ते तिला आठवेना.